अठरा पिस्टन रॉड, सतरा महिने

तोफेच्या एका सुट्या भागाच्या निविदेत डिलिव्हरीच्या रकान्यात '८ महिने' छापलेलं होतं. मी त्या आकड्याला पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी आपला हिशोब मांडला. पोलाद हातात यायला ४ महिने, फोर्जिंग (तापवून ठोकून आकार देणं) आणि ते निवायला दीड, रफ मशीनिंग-हार्डनिंग-अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतली तपासणी) मिळून २, फिनिशिंगला २, क्रोम आणि ग्राइंडिंगला १, नमुना मंजूर व्हायला २. बेरीज साडेबारा.

मालकांनी तो कागद दोनदा वाचला. "हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले, "पण साडेबारा लिहिले तर तांत्रिक छाननीतच बाद होऊ. आठ मान्य करूनच भरावं लागेल."

आम्ही आठ मान्य केले. माल पुरता द्यायला सतरा महिने लागले. त्या सतरा महिन्यांची नोंदवही माझ्याकडे आहे, कारण आमच्या चाळीस माणसांच्या कारखान्यात प्लॅनिंग आणि क्वालिटी दोन्ही माझ्याकडे असतं. सैन्यासाठी सुटे भाग साठवून ठेवायचे तर नेमकं काय साठवावं, याबद्दल माझं जे मत आहे ते त्या वहीतून तयार झालं आहे.

भाग होता तोफेच्या रिकॉइल यंत्रणेतला पिस्टन रॉड. तोफ उडाली की नळी झटक्याने मागे येते. तो धक्का तेलाने भरलेल्या सिलिंडरात जिरतो आणि नळी पुन्हा जागेवर जाते. हे काम ज्याच्या जोरावर होतं तो हा रॉड: लांब, आतून पोकळ, बाहेरून हार्ड क्रोम केलेला आणि आरशासारखा ग्राइंड केलेला. त्यावर नखाएवढा ओरखडा आला तरी सील फाटतं, तेल गळतं आणि तोफ उभी राहते. बाकी सगळी तोफ ठणठणीत असली तरी.

मागणी होती १८ नगांची.

कागदपत्रांचा भाग पटकन सांगते, कारण त्याची लोकांना वाटते तेवढी अडचण आम्हाला आली नाही. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असल्यामुळे बयाणा रक्कम माफ झाली. ड्रॉइंगसाठी गोपनीयतेचं हमीपत्र द्यावं लागलं. तांत्रिक छाननीत आमची मशीन्स, मोजमापाची साधनं आणि त्यांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं पाहिली गेली. नंतर दर उघडले, आम्ही एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, ठरलो, बँक गॅरंटी दिली आणि ऑर्डर हातात आली. इथवर तीन महिने लागले आणि ते त्या ८ महिन्यांत धरलेले नव्हतेच.

खरी गोष्ट पोलादापासून सुरू झाली. लागणारं पोलाद निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं, इलेक्ट्रो-स्लॅग पद्धतीने दुसऱ्यांदा वितळवून शुद्ध केलेलं. बाजारात उभं राहून असं पोलाद विकत घेता येत नाही. पोलाद कारखान्याला ऑर्डर द्यावी लागते, मग त्यांच्या भट्टीत त्या ग्रेडची वितळ, म्हणजे एका वेळी वितळवलेला पूर्ण घाणा, लागते. आम्हाला हवं होतं जेमतेम ५ टन. त्यांची कमीत कमी वितळ १० टनांची. फोनवरचा माणूस सभ्यपणे बोलत होता. "मॅडम, तुमच्या ५ टनांसाठी भट्टी लावता येणार नाही. याच ग्रेडचं दुसरं कुणाचं काम आलं की तुमचं त्यात धरतो." दुसरं कुणाचं काम कधी येईल हे त्याला सांगता येत नव्हतं आणि त्यात त्याची चूकही नव्हती. मी दर सोमवारी फोन करायचे. साडेचार महिन्यांनी वितळ लागली.

नोंदवहीतला पहिला मोठा आकडा हा आहे. साडेचार महिने आमच्याकडे धातूची एकही चिप पडली नव्हती. कुणी आळशीपणा केला नव्हता, कुणी कागद अडवला नव्हता. १८ नग ही संख्याच एका वितळीपेक्षा लहान होती.

त्या वेळी आम्ही एक गोष्ट केली, जी पुढे फार उपयोगी पडली. आमचे फोरमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, मला म्हणाले, "ताई, वितळ लागतेच आहे तर सहा नगांचं जास्त घ्या. पुन्हा कधी लागेल देव जाणे." सहा नगांचं पोलाद म्हणजे आमच्यासारख्यांना लहान रक्कम नाही. मालकांनी एक रात्र विचार केला आणि हो म्हणाले. त्यामुळे फोर्जिंगला १८च्या जागी २४ ब्लँक, म्हणजे रॉड घडवायचे कच्चे तुकडे, गेले.

फोर्जिंग झाल्यावर ते भट्टीतच हळूहळू निववावं लागतं. तांबडालाल लोखंडी तुकडा बाहेर काढून मोकळ्या हवेत टाकला तर पोलादात अडकलेला हायड्रोजन बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि आतल्या आत बारीक तडे जातात. बाहेरून काहीच दिसत नाही. महिन्याभराने अल्ट्रासोनिकला लावलं की पडद्यावर नको तिथे टोक उठतं आणि तोवर त्यावर केलेलं सगळं काम वाया गेलेलं असतं. म्हणून काही दिवस भट्टी नुसती थंड होत राहते. खरेदीदाराकडून त्याच आठवड्यात पत्र आलं होतं, 'कामाची प्रगती कळवावी'. मी लिहिलं, 'फोर्जिंग निवत आहे'. लिहिताना मलाच ते उत्तर अपुरं वाटलं, पण दुसरं खरं उत्तर नव्हतं.

पुढेही असंच. रफ टर्निंग आणि डीप-होल ड्रिलिंग करायचं, मग हार्डनिंग, टेम्परिंग, मग स्ट्रेस रिलिव्ह, म्हणजे धातूतला ताण उतरवायला पुन्हा तापवणं. मध्ये स्ट्रेस रिलिव्ह चुकवलं तर फिनिश झालेला रॉड दोन दिवसांनी टेबलावर पडल्या पडल्या वाकतो, काही शतांश मिलिमीटरच, पण ड्रॉइंग तेवढंही चालवून घेत नाही. या टप्प्यांत माणसं वाढवून, ओव्हरटाइम करून फार तर आठवडा वाचतो. धातूला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

आठ महिने संपले तेव्हा आमच्याकडे २४ रफ ब्लँक उभे होते आणि त्यातले पहिले तीन नमुन्यासाठी फिनिश होत होते. मुदतवाढ मागितली. ती मिळाली, पण एलडीसह, म्हणजे आठवड्याला अर्धा टक्का दंड.

आता त्या नमुन्याच्या दिवसाबद्दल. करारानुसार आधी तीन नग तपासून घ्यायचे आणि ते पास झाले की मगच बाकीच्यांचं उत्पादन करायची परवानगी. निरीक्षक आमच्याकडे आले ते सकाळी. वयाने मोठे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी रॉडकडे पाहिलंच नाही. फाइल मागितली. पोलादाचं मिल सर्टिफिकेट, त्यावरचा हीट नंबर (वितळीची ओळख), फोर्जिंगच्या तुकड्यावर ठोकलेला हीट नंबर, हार्डनिंगच्या भट्टीचा आलेख, हे सगळं त्यांनी बोटाने ओळ धरून ताडून पाहिलं. मग क्रोमचे कागद काढले.

क्रोम आम्ही बाहेरून करून घेतो. हार्ड क्रोम चढतो तो तासाला साधारण २०-२५ मायक्रॉन, आणि चढताना पोलादात हायड्रोजन शिरतो. म्हणून टाकीतून काढल्यावर शक्यतो ४ तासांच्या आत रॉड ओव्हनमध्ये घालून १९० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजावा लागतो. तो हायड्रोजन बाहेर काढायचा हा एकच मार्ग आहे. निरीक्षकांनी टाकीची स्लिप एका हातात धरली आणि ओव्हनच्या रेकॉर्डरचा कागद दुसऱ्या हातात. स्लिपवर वेळ होती संध्याकाळी ७.१०. ओव्हनचा आलेख वर चढायला लागला होता सकाळी ६ला.

"मॅडम, मधले अकरा तास हा रॉड कुठे होता?"

मला ठाऊक नव्हतं. फोन केल्यावर कळलं की त्या रात्री ओव्हनमध्ये दुसऱ्याचा माल होता, म्हणून दोन रॉड सकाळपर्यंत बाजूला ठेवले होते. तिसरा वेळेत गेला होता. मी ते कागद सही करून फाइलला लावले होते. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. ही चूक माझी.

मग रॉड मॅग्नेटिक तपासणीच्या टेबलावर चढवला. खोलीत अंधार केला, रॉडमधून प्रवाह सोडला, चमकणारी पूड मिसळलेलं द्रावण ओतलं आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला. अण्णा, मी आणि ते, तिघंही वाकून पाहत होतो. पहिल्या रॉडच्या मधल्या भागात पिवळट हिरव्या तीन रेघा उमटल्या. केसाएवढ्या, माझ्या बोटाच्या पेराइतक्या लांब. फडक्याने पुसून पुन्हा द्रावण ओतलं. त्याच जागी, त्याच तीन रेघा. दुसऱ्या रॉडवर एक. तिसरा स्वच्छ होता.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी दिवा हातात घेतला आणि पुन्हा टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवला, जणू नीट पाहिलं तर त्या नाहीशा होतील. तीस वर्षं ते हे काम करत आहेत. बाहेर उजेडात आल्यावर निरीक्षक त्यांना म्हणाले, "आज इथे दिसलं हे बरं झालं, अण्णा. हे तोफेवर दिसलं असतं तर शेजारी मुलं उभी असतात."

ते दोन रॉड बाद झाले. नमुना पुन्हा द्यायचा, म्हणजे पुन्हा फिनिशिंग, पुन्हा क्रोम, पुन्हा तारीख. त्यानंतर क्रोमच्या प्रत्येक खेपेला आमचा एक माणूस टाकीपाशी घड्याळ घेऊन उभा राहतो. नमुना मंजूर झाला, पुढचे १५ रॉड टप्प्याटप्प्याने गेले. शेवटची खेप रवाना झाली तेव्हा सतरावा महिना संपत होता आणि दंड कमाल मर्यादेला, १० टक्क्यांना, जाऊन टेकला होता. पैसे मात्र लघुउद्योगांसाठीच्या ४५ दिवसांच्या नियमात मिळाले.

दोन रॉड गेल्यामुळे सहापैकी चारच ब्लँक शिल्लक राहिले. हार्डनिंग झालेले, अल्ट्रासोनिक पास झालेले, रफ अवस्थेतले. त्यांना गंजरोधक तेल लावलं, मेणकागदात गुंडाळलं, टोकावर हीट नंबर पिवळ्या रंगाने रंगवला आणि रॅकवर आडवे ठेवले.

मला एक प्रश्न सतावत होता. एवढा महत्त्वाचा भाग, मग त्यांच्याकडे तो आधीपासून साठ्यात का नव्हता? शेवटच्या खेपेच्या वेळी साठ्याचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलायची संधी मिळाली. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मागणी काढताना आधीच्या काही वर्षांचा खप पाहतात. शांततेच्या काळात असा रॉड वर्षाला एखादा-दुसरा लागतो, एखाद्या वर्षी एकही नाही. खप शून्य तर मागणी शून्य. मग एका वर्षी बऱ्याच तोफा एकदम ओव्हरहॉलला येतात आणि १८ रॉड एकदम लागतात. तोवर आधीचा पुरवठादार ते काम सोडून गेलेला असतो. "आणि जास्त मागवून ठेवले तर," ते म्हणाले, "लेखापरीक्षणात विचारतात, खप नसताना खरेदी का केली? दोन्ही बाजूंनी उत्तर द्यावंच लागतं."

त्यांची अडचण खरी आहे. पण साठा नसला तर काय होतं हेही या देशाने पाहिलेलं आहे. १९९९ मध्ये कारगिल सुरू असताना दारूगोळा घाईघाईने परदेशातून आणावा लागला होता. २०१५ मध्ये कॅगने सैन्याच्या दारूगोळ्यावर अहवाल दिला. घनघोर लढाईचे ४० दिवस पुरेल इतका साठा हे ठरलेलं प्रमाण आणि २० दिवस ही किमान पातळी. मार्च २०१३ अखेर १७० प्रकारांपैकी १२५ प्रकार त्या किमान पातळीच्याही खाली होते आणि ८५ प्रकार १० दिवससुद्धा पुरले नसते. मी तो अहवाल आमच्या ऑर्डरनंतर वाचला. त्यात तोफगोळ्यांच्या फ्यूजच्या (गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या भागाच्या) तुटवड्याचाही मुद्दा आहे. गोळा कोठारात आहे आणि त्याचा फ्यूज नाही, हे वाचून मला आमचा रॉडच आठवला. अडतं ते नेहमी असंच, एका भागापाशी.

आणि हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला १४ हजारांच्या आसपास बनत होते. पैसा होता, इच्छा होती, तरी महिन्याला १ लाखाचं लक्ष्य गाठायला वर्षं लागतात असं दिसून आलं, त्याचं एक कारण म्हणजे गोळ्यांत भरायच्या टीएनटी या स्फोटकाचं देशातलं उत्पादनच तिथे १९८६ मध्ये थांबलं होतं. बंद पडलेली भट्टी आणि पांगलेली माणसं पैसे दिल्याबरोबर परत येत नाहीत.

ऑर्डर संपून वर्ष होत नाही तोच एक तातडीची मागणी आली: दोन रॉड, लवकरात लवकर. आमच्याकडे ब्लँक होते, क्रोमची पद्धत बसलेली होती, नमुना मंजूर होता. आम्ही दोन ब्लँक रॅकवरून काढले आणि चार महिन्यांच्या आत तयार रॉड तपासून पाठवले. सतरा महिने आणि चार महिने. माणसं तीच, मशीन्स तीच. फरक रॅकवरच्या त्या आडव्या तुकड्यांचा होता.

त्यामुळे पुढच्या निविदेच्या प्री-बिड (निविदा भरण्याआधीच्या) बैठकीला मी नोंदवही घेऊन गेले. तिथे मी मांडलं ते असं. तयार रॉड भरमसाट साठवू नका, कारण त्याच्यावर सील बसतात, सीलच्या रबराला आयुष्य असतं, क्रोमला जपावं लागतं आणि ड्रॉइंगमध्ये सुधारणा झाली तर तयार माल अडकून पडतो. हार्डनिंग होऊन तपासलेले ब्लँक साठवा. साडेबारा महिन्यांपैकी साडेसात महिने त्या अवस्थेपर्यंत पोहोचण्यातच जातात आणि तेल लावून ठेवलेलं पोलाद वर्षानुवर्षं टिकतं. एक पूर्ण वितळ घ्या, त्यातून निघतील तेवढे ब्लँक करून ठेवा आणि तयार नग गरजेप्रमाणे मागवा. पोलाद कारखान्यालाही पूर्ण वितळीचं काम मिळेल.

बैठकीतल्या लोकांनी लक्षपूर्वक ऐकलं. एकांनी विचारलं, "ब्लँकला पार्ट नंबर कुठला?" नव्हता. तो अर्धवट माल, त्याला यादीत नाव नाही. नाव नाही तर मागणी काढता येत नाही, साठ्यात घेता येत नाही आणि त्याचे पैसेही देता येत नाहीत. आणखी एकांनी विचारलं की ब्लँक सरकारचे झाले आणि पुढच्या वेळी एल-वन दुसराच कुणी ठरला तर? मी म्हटलं, त्याला द्या. हीट नंबर, अल्ट्रासोनिकचा अहवाल, सगळं ब्लँकसोबत असेल, कुणीही चांगला कारखाना पुढचं काम करेल. हे बोलताना मालक माझ्याकडे पाहत होते, कारण त्यात आमचंच काम दुसऱ्याकडे जायची शक्यता होती. परत येताना गाडीत ते म्हणाले, "बरोबर बोललात."

बैठकीच्या इतिवृत्तात आमची सूचना नोंदली गेली. करारात ती आली नाही. आल्या त्या दोन गोष्टी: डिलिव्हरी १३ महिने आणि तीही तीन टप्प्यांत, आणि एक ऑप्शन क्लॉज, ज्यानुसार त्याच दराने मूळ संख्येच्या निम्म्यापर्यंत जादा नग मागवता येतात. तेवढ्यानेही फरक पडला. या वेळी पोलादाची मागणी नोंदवताना मला थोडं मोठं प्रमाण सांगता आलं आणि वितळीसाठी अडीच महिनेच थांबावं लागलं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संरक्षण खरेदी नियमपुस्तिका लागू झाली. स्वदेशी विकसित केलेल्या वस्तूंसाठी पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देण्याची तरतूद तिच्यात आहे. मी ती तरतूद पुन्हा पुन्हा वाचली. पाच वर्षांची हमी हातात असेल तर आमच्यासारखा कारखाना बँकेत जाऊन सांगू शकतो की एक वितळ पूर्ण घ्यायची आहे. आमचा भाग त्यात बसावा म्हणून लागणारे कागद मी जमवते आहे. त्यासोबत एक पानाचं निवेदन जोडलं आहे, ब्लँकला स्वतंत्र पार्ट नंबर मिळावा म्हणून. त्या पानावर दुसरं काही नाही, फक्त नोंदवहीतला तक्ता आहे: कोणत्या टप्प्याला किती दिवस लागले आणि त्यातले किती दिवस नुसते थांबण्यात गेले.

रॅकवर जुन्या वितळीचे दोन ब्लँक अजून आहेत. दर सहा महिन्यांनी अण्णा कागद सोडतात, तेल पुसतात, बॅटरी लावून गंजाचा ठिपका आहे का पाहतात आणि पुन्हा गुंडाळून ठेवतात. परवा त्यांनी हीट नंबरवरचा पिवळा रंग फिका पडलाय म्हणून ब्रश मागून घेतला आणि तो पुन्हा गिरवला.